दुर्गाबाईंची धाकटी बहीण

सर्वप्रथम एक कबुली. माझं शिक्षण के.जी.पासून बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा आमच्यासाठी एक पेपर होता, आणि त्यातही माझी सगळी भिस्त निबंध पाठ करण्यावर! त्यामुळे मी मराठी विभागासाठी लेख देणार हे कळल्यावर रूममेट्स पोट धरून हसल्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या बऱ्याच चुका आईने फोनवरून सुधारल्या आहेत. उरलेल्या माझ्या. मित्र-मैत्रिणींनो, सांभाळून घ्या.

गोष्ट सुरू होते नेवाशाला. एनएसएसच्या कॅम्पसाठी आम्ही नेवासे तालुक्यात होतो. एका दुपारी सगळ्यांना पैस खांब बघायला नेलं. प्रवरेकाठचं देऊळ, आणि आत तो दगडी खांब. याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली, हे आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मला मात्र तिथे उभं राहिल्यावर कळलं. मी खांबाचा एक फोटो काढला, मैत्रिणींबरोबर दोन काढले, आणि बसमध्ये येऊन बसले. एवढंच.

परत आल्यावर लायब्ररीत बुक जमा करताना ग्रंथपाल सरांनी कॅम्पमध्ये काय पाहिलं ते विचारलं. मी पैस खांब म्हटलं. पैस म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं आणि माझी बोलतीच बंद झाली. मग त्यांनीच सांगितलं, की ऐसपैस म्हणतो ना आपण, त्यातला पैस. मोकळी जागा, विस्तार. एवढं सांगून ते थांबले नाहीत. कपाटातून एक जुनं पुस्तक काढून त्यांनी माझ्या हातात ठेवलं. दुर्गा भागवतांचं ‘पैस’. नेवाशाच्या त्याच खांबावरच्या लेखाचं नाव पुस्तकाला दिलेलं आहे, आणि १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळालेला आहे.

खोटं कशाला सांगू, मराठीचं एक पान वाचायला मला दहा मिनिटं लागतात. पण वाचलं. पुस्तक परत द्यायला गेले तेव्हा सर सहज बोलून गेले, की या दुर्गाबाईंची एक धाकटी बहीण होती, ती तुमच्या लाइनची, प्रयोगशाळेतली. तिच्याबद्दल वाच.

ते ज्या आठवड्यात म्हणाले, त्या आठवड्यात माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी मेकॅनिकलला, थर्ड इयरला. वर्गात आम्ही मुली सात. आपल्या कॉलेजची टीम दरवर्षी स्पर्धेसाठी एक छोटी गाडी बनवते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाइप कापण्यापासून वेल्डिंगपर्यंत सगळं वर्कशॉपमध्ये, स्वतःच्या हाताने. निवडीच्या टेक्निकल राउंडला मी चौथी आले होते. टीममध्ये जागा बारा. यादी लागली, आणि माझं नाव नाही! विचारायला गेले तर समजलं, की काम रात्रीचं चालतं, कधीकधी दोन-दोन वाजेपर्यंत. लेडीज होस्टेलचं गेट साडेसातला बंद होतं. मग मुलींना घेऊन करायचं काय? पीपीटी आणि स्पॉन्सरशिपची पत्रं करायची असतील तर जरूर ये, असंही सांगितलं. सांगणारा मुलगा मनाने वाईट नव्हता. तो जे सांगत होता ते खरंच होतं, म्हणून तर मला उत्तर सुचेना. रूमवर येऊन मी पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि झोपले.

अशा मूडमध्ये मी कमला सोहोनींबद्दल वाचायला बसले.

कमलाबाई माहेरच्या भागवत. जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही केमिस्ट, आणि दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये. साहजिकच कमलाबाईंच्या डोक्यात लहानपणापासून एकच, आपणही तिथेच जायचं. १९३३ साली त्यांनी केमिस्ट्री मुख्य आणि फिजिक्स दुय्यम विषय घेऊन मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. केली. विद्यापीठात नंबर वरचा. अर्ज बंगळूरला पाठवून दिला.

त्याच वर्षी त्या संस्थेच्या डायरेक्टरपदी सर सी. व्ही. रामन आले होते. १९३० चं नोबेल मिळवलेले, साऱ्या देशाचा अभिमान असलेले. त्यांनी अर्ज नाकारला. मार्क कमी होते म्हणून नाही. मुलगी होती म्हणून.

इथे माझ्यासारखी पांघरूण घेऊन झोपली असती. कमलाबाई बंगळूरला गेल्या, आणि थेट रामन यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. काळ गांधीजींचा होता, सत्याग्रह हा शब्द घराघरात होता. प्रवेश का नाही याचं कारण द्या, कारण नसेल तर प्रवेश द्या, मी इथून हलणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. भागवतांच्या घरात हा हट्ट बहुधा रक्तातच असावा. १९७५ साली आणीबाणी चालू असताना कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलणाऱ्या आणि त्यापायी तुरुंगात गेलेल्या दुर्गाबाई यांच्याच थोरल्या बहीण!

शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, काम पाहून मग ठरवू. गाइड म्हणतील तेव्हा, रात्री-अपरात्रीसुद्धा, काम करावं लागेल. आणि तिसरी अट अशी, की त्यांच्यामुळे संस्थेतलं वातावरण बिघडता कामा नये, म्हणजे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये.

दुसऱ्या अटीपाशी मी थांबले. पुन्हा वाचली. १९३३ मध्ये मुलीला सांगितलं, रात्री काम करावं लागेल. आणि आम्हाला सांगतात, काम रात्रीचं आहे म्हणून तू नको! नव्वद वर्षांत अट पार उलटी झाली, पण ती असते मात्र मुलीच्याच नावावर.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. दुसरा रस्ताच नव्हता. त्यांचे गाइड श्रीनिवासय्या कडक शिस्तीचे, पण मनापासून शिकवणारे होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि डाळी-कडधान्यांमधल्या प्रथिनांवर काम सुरू केलं. वर्ष संपलं तेव्हा रामन यांनीच त्यांना नियमित संशोधक म्हणून मान्यता दिली, आणि पुढे मुलींसाठी संस्थेचं दार उघडलं. १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. पदवी त्यांना डिस्टिंक्शनसह मिळाली.

वाचणाऱ्याला वाटेल, चला, गोड शेवट झाला. पण कमलाबाई तो अपमान कधी विसरल्या नाहीत. साठ वर्षांनी, म्हातारपणी, महिला वैज्ञानिकांच्या एका कार्यक्रमात त्यांनी तो उघडपणे बोलून दाखवला. रामन मोठे शास्त्रज्ञ होते हे त्या मान्य करत, पण बाईच्या बाबतीत त्यांचं मन कोतं होतं हे सांगायलाही कचरत नसत. मला हे फार आवडलं. आपल्याकडे मोठ्या माणसाबद्दल एक तर आरती ओवाळतात नाहीतर चिखलफेक करतात. त्यांनी दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या.

१९३७ मध्ये कमलाबाई केंब्रिजला गेल्या. तिथल्या बायोकेमिस्ट्री विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स, व्हिटॅमिन्सच्या शोधासाठी १९२९ चं नोबेल मिळवलेले. सुरुवातीला डेरेक रिक्टर यांनी आपल्या प्रयोगशाळेतलं एक मोकळं टेबल त्यांना देऊ केलं. पुढे रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या पेशींवर काम झालं. या दोन टेबलांवर जे झालं ते इथे थोडं सविस्तर सांगणार आहे. मेकॅनिकलवाल्यांनो, पान उलटू नका, आपल्याच भाषेत सांगते.

पहिलं टेबल. आपल्या शरीरात पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. परीक्षेत पेपर हातात पडल्यावर छाती धडधडते ना, तो अॅड्रिनलिनचा निरोप. मेंदूतही असेच निरोप चालतात, सेरोटोनिनचे, डोपामिनचे. पण निरोप पोचल्यावर तो पुसायला नको का? नोटीस बोर्डवरची जुनी नोटीस काढलीच नाही तर नवीन कोण वाचणार! हे पुसण्याचं काम करणाऱ्या एन्झाइमांपैकी एक म्हणजे अमाइन ऑक्सिडेज. १९३९ साली बायोकेमिकल जर्नलमध्ये या एन्झाइमवर एक पेपर छापून आला. त्यावर नावं तीन : भागवत, ब्लाश्को आणि रिक्टर.

त्या वेळी हे एन्झाइम कोणाला कशाला उपयोगी पडणार होतं? पण १९५० च्या दशकात टीबीच्या पेशंटना इप्रोनियाझिड नावाचं औषध देताना डॉक्टरांच्या लक्षात आलं, की पेशंट एकदम उत्साही होतात. उलगडा झाला तो असा, की ते औषध नेमकं हेच एन्झाइम रोखतं, त्यामुळे मेंदूतले निरोप जास्त वेळ टिकतात. डिप्रेशनवरची अगदी पहिली औषधं अशी मिळाली. आज आपल्याला माहीत आहे, की माणसात या एन्झाइमचे दोन प्रकार आहेत, ए आणि बी. त्यांची दोन जनुकं शेजारी शेजारी, दोन्ही एक्स गुणसूत्रावर. बी प्रकार रोखणारी औषधं पार्किन्सन्सच्या पेशंटना आजही देतात.

दुसरं टेबल. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं पॉवर हाउस, हे दहावीपर्यंत सगळ्यांनीच घोकलंय. या पॉवर हाउसच्या आतल्या पडद्यात काही मशीन्स घट्ट बसवलेल्या आहेत. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एका मशीनकडून दुसरीकडे जातात, शेवटी ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी तयार होतं. वाटेत सुटणारी ऊर्जा वापरून पेशी आपलं चलन, म्हणजे एटीपी, छापते. यातल्या तिसऱ्या मशीनकडून चौथ्या मशीनकडे इलेक्ट्रॉन वाहून नेणारा छोटासा हमाल म्हणजे सायटोक्रोम-सी. एका खेपेत एकच इलेक्ट्रॉन. त्याच्या पोटात लोखंडाचा एक अणू असतो, तोच इलेक्ट्रॉन घेतो आणि देतो. कमलाबाईंबद्दलच्या लेखांत याला एन्झाइम म्हटलेलं असतं. काटेकोर बोलायचं तर हा एन्झाइमांच्या मधे धावणारा वाहक.

सायटोक्रोमची ओळख डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये केंब्रिजलाच करून दिली होती. प्राण्यांच्या बाबतीत पुढचं काम भराभर झालं. वनस्पतींचं चित्र मात्र धूसर होतं. कमलाबाईंनी निवडला बटाटा. हो, आपल्या मेसमध्ये आठवड्यातून चार दिवस भेटतो तोच! त्या बटाट्यात त्यांना सायटोक्रोम-सी सापडलं, आणि वनस्पतीच्या प्रत्येक पेशीत श्वसनासाठी ते असतं असा निष्कर्ष त्यांनी मांडला. म्हणजे श्वास घेण्याच्या कामी बटाटा आणि माणूस यांच्या पेशीतली यंत्रणा एकाच कारखान्याची. हे काम अवघ्या चौदा महिन्यांत झालं. प्रबंधाची पानं किती? चाळीस! आपल्या सेमिनार रिपोर्टला साठ पानं भरायची म्हणून आपण मार्जिन वाढवतो, ते आठवून मला जरा लाजच वाटली. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. त्यांना मिळाली. विज्ञानात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री.

या हमालाची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. माणसात सायटोक्रोम-सी बनवणारं जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे. प्रथिन एवढंसं, १०४ अमिनो आम्लांच्या साखळीचं. माणसाचं आणि चिंपांझीचं सायटोक्रोम-सी ओळीने तंतोतंत सारखं आहे. म्हणूनच १९६० च्या दशकात कोण कोणाचा किती जवळचा नातेवाईक हे ठरवायला शास्त्रज्ञांनी याचाच आधार घेतला. मग १९९६ साली अमेरिकेत शाओडोंग वांग यांच्या प्रयोगशाळेत एक वेगळाच प्रकार दिसला. पेशी दुरुस्त होण्यापलीकडे बिघडली, की मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्याला गळती लागते आणि सायटोक्रोम-सी पेशीत बाहेर येतं. तिथे ते एका दुसऱ्या प्रथिनाला चिकटतं. अशा सात जोड्या मिळून एक चाक तयार होतं. त्या चाकावर कॅस्पेस-९ नावाचं एन्झाइम जागं होतं. ते पुढच्या कॅस्पेसना जागं करतं, आणि पेशी शिस्तीत स्वतःला मोडीत काढते. शेजाऱ्यांना त्रास नाही, कचरा नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर जी वायर करंट वाहून नेते, तीच जागा सोडून बाहेर आली की फ्यूज उडवते. किंवा साखर कारखान्याच्या मशीनमधली शिअर पिन घ्या. लोड हाताबाहेर गेला की पिन मोडते आणि गिअरबॉक्स वाचतो. गर्भात आपली बोटं आधी पडद्याने जोडलेली असतात. त्या पडद्यातल्या पेशी अशाच शिस्तीत मरतात आणि बोटं मोकळी होतात. आणि ज्या पेशी हा मरणाचा निरोप ऐकतच नाहीत, त्या वाढत सुटतात. कॅन्सरच्या अनेक गाठींचं मूळ दुखणं हेच. निमूटपणे ओझी वाहणारा हा हमाल वेळ आली की निरोप्याही होतो, हे कळायला १९३९ नंतर ५७ वर्षं जावी लागली!

आता पुन्हा कमलाबाईंकडे. पीएच.डी. झाल्यावर परदेशात राहायला त्यांना काही कमी नव्हतं. हॉपकिन्स यांच्यासारख्यांचा पाठिंबा होता, फेलोशिप होत्या. पण १९३९ मध्येच त्या भारतात परतल्या. देशासाठी काम करायचं हे मनात पक्कं होतं. आधी दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजमध्ये बायोकेमिस्ट्री विभागाच्या प्रमुख, मग कुन्नूरच्या न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीत असिस्टंट डायरेक्टर. १९४७ मध्ये माधव सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. सोहोनी व्यवसायाने अॅक्च्युअरी, म्हणजे विम्याचं गणित मांडणारे. १९४९ मध्ये त्या मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नव्या बायोकेमिस्ट्री विभागात प्रोफेसर झाल्या.

आणि इथे मला त्या सर्वांत मोठ्या वाटतात. केंब्रिजहून आलेली बाई पुढची वीस वर्षं कशावर काम करते? वाल, डबल बी, तांदळाचं पीठ, नीरा! गरिबाच्या ताटात जे पडतं त्यावर.

वालाचंच बघा. आपल्या पोटात ट्रिप्सिन नावाचं एन्झाइम प्रथिनांचे तुकडे करतं. बऱ्याच कडधान्यांत ट्रिप्सिनला अडवणारा पदार्थ असतो. कुलपात चुकीची किल्ली घालून ती आतच मोडावी, तसा तो ट्रिप्सिनमध्ये जाऊन बसतो. मग कडधान्य खाऊनही प्रथिनं अंगी लागत नाहीत. १९५५ साली कमलाबाई आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने वाल आणि डबल बी यांतले हे पदार्थ स्फटिकरूपात वेगळे केले, आणि तो पेपर नेचरमध्ये छापून आला. बायका वाल भिजवतात, मोड आणतात, सोलतात आणि नीट शिजवतात, त्यामागे हे विज्ञान आहे. उष्णतेने हा अडथळा बराचसा नाहीसा होतो. यापुढे मेसच्या मावशींनी उसळ शिजायला उशीर लावला तर ताटं वाजवू नका एवढीच विनंती.

नीरेवरचं काम राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून हाती घेतलं. नीरेत क जीवनसत्त्व आणि लोह चांगलं असतं, आणि आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना, गरोदर बायकांना तिचा फायदा होतो, हे त्यांच्या गटाने दाखवलं. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळालं. आपल्या जिल्ह्यात अकोल्याच्या डोंगराळ भागात जे एनएसएससाठी जाऊन आलेत, त्यांना कुपोषण हा शब्द काय आहे ते वेगळं सांगायला नको. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही दुधाच्या दर्जाबाबत त्या सल्ला देत.

एवढं करूनही इन्स्टिट्यूटचं डायरेक्टरपद त्यांच्या वाट्याला आलं ते तब्बल चार वर्षं उशिरा. कारण अंतर्गत राजकारण. आले तेव्हा ते त्यांनी समर्थपणे सांभाळलं आणि १९६९ मध्ये त्या निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतरही स्वस्थ नाहीत. मुंबईत १९६६ मध्ये काही बायकांनी मिळून ग्राहकांसाठी एक संस्था काढली होती, कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया. कमलाबाई तिच्या कामात रमल्या, १९८२-८३ मध्ये अध्यक्ष झाल्या, संस्थेच्या मासिकात ग्राहकांसाठी लेख लिहीत राहिल्या. भेसळ ओळखणं हे शेवटी बायोकेमिस्ट्रीच की!

१९९८ साली दिल्लीला इंडियन काउन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चने त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या, आणि थोड्याच दिवसांत, २८ जूनला, गेल्या. पुढे १८ जून २०२३ रोजी, त्यांच्या ११२ व्या जन्मदिनी, गूगलने त्यांचं डूडल लावलं होतं. त्या दिवशी मीही गूगल उघडलं असणारच. चित्र बघून खाली स्क्रोल केलं असणार. नेवाशाच्या खांबासारखंच.

आता शेवटचं, आणि हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

वाचून झाल्यावर आठ-दहा दिवसांनी मी आणि वर्गातली माझी एक मैत्रीण, आम्ही दोघींनी अर्ज लिहिला. सत्याग्रह वगैरे नाही हं, तेवढं धैर्य नाही. साधा अर्ज. टेक्निकल राउंडचे मार्क लिहिले, आणि विचारलं, की निवड मार्कांवर असेल तर आमचं नाव का नाही, आणि गेटच्या वेळेवर असेल तर ते आधी का सांगितलं नाही. तीन आठवडे उत्तर नाही. मग आम्हाला ऑफिसात बोलावून एक कागद दिला. परवानगी होती! वर्कशॉपमध्ये रात्री नऊपर्यंत. दोघींनी बरोबरच यायचं-जायचं, एकटीने नाही. गेटवर रजिस्टरमध्ये सही. ही सोय एका टर्मपुरती, काम पाहून पुढचं ठरवू.

काम पाहून पुढचं ठरवू! वाचलं आणि पोटात कसंतरी झालं. हे वाक्य आधी कुठे वाचलंय ते मला लगेच आठवलं. मुलांच्या यादीखाली असं काही लिहिलेलं नव्हतं.

मी सही केली. कमलाबाईंनीही केली होती, आणि न करून गाडीला हात लागणार नव्हता. पण त्या कागदाची झेरॉक्स काढून फाइलमध्ये ठेवली आहे, तारखेसकट. कोणाला दाखवायला नाही. उद्या गाडी छान पळाली, सगळ्यांनी पाठ थोपटली, आणि त्या भरात मीच विसरून गेले तर असू द्यावी म्हणून.

टीमच्या मुलांबद्दल एक सांगायलाच हवं. ज्याने मला नाही म्हटलं होतं, त्यानेच आता कामाचं वेळापत्रक बदललं आहे. वेल्डिंगचं काम संध्याकाळी आधी, पीपीटी आणि पत्रं रात्री नऊनंतर, ती मुलांनी करायची. कोणी फारसं कुरकुरलं नाही. एवढं सोपं होतं तर आधी का सुचलं नाही, हे मी त्याला विचारलेलं नाही. स्पर्धा झाल्यावर विचारीन.

फर्स्ट इयरच्या मुलींना एवढंच सांगते, की पुढच्या वर्षी निवडीच्या यादीत नाव नसेल तर पांघरूण घेऊन झोपू नका. लायब्ररीत जा. डाव्या हाताच्या कपाटात ‘पैस’ आहे, आणि सर सहज बोलता बोलता बरंच काही सांगतात.

वर्कशॉपमध्ये मागच्या खिडकीपाशी एक बेंच आता आमचं आहे. एक व्हाइस, एक ड्रॉवर, आणि वर बल्ब. जागा फार नाही. काल रजिस्टरमध्ये सही करताना घड्याळ बघितलं, आठ पंचावन्न. सस्पेन्शनचे आर्म निम्मे झालेत.